होडीच्या गाण्यातली जागा

पट्टा खांद्यावरून सुटला, बेस गिटार मांडीपर्यंत घसरली, ती वाचवण्यासाठी सिद्धेशने दोन्ही हातांनी तिची मान धरली, आणि बेस वाजतच राहिला.

प्रथम त्याला वाटले, हा सभागृहाचा घुमारा असेल. डोंबिवलीच्या या सभागृहाच्या भिंती उघड्या होत्या, रविवारच्या दुपारी पडद्याआडून येणाऱ्या उन्हासारखा आवाजही तिथे रेंगाळत असे. पण घुमारा विरत जातो. हा विरत नव्हता. त्याच्या हातांना ठाऊक असलेल्या पायऱ्यांवरून तो आवाज त्याच्या हातांशिवाय उतरत होता, चढत होता, अंतऱ्याच्या शेवटी नेहमीसारखा थोडा दबून जात होता. समोर ज्येष्ठ नागरिक संघाची मंडळी मांडीवर अल्पोपाहाराची पाकिटे ठेवून माना डोलावत होती. डावीकडे देवेश कीबोर्डवर वाकलेला होता. मागे हर्षित ऑक्टोपॅडवर काठ्या फिरवत होता, त्यातले किती ठोके खरोखर वाजत होते कोण जाणे. मध्यभागी सान्वी माईकशी गाल भिडवून गात होती. कोणाच्याही चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती. एक माणूस वाजवायचा थांबला होता आणि गाण्याचे काहीही बिघडले नव्हते. सिद्धेशने कानातला मॉनिटर काढला. त्यात फक्त त्याच्या स्वतःच्या बंद पडलेल्या तारांची शांतता आणि ताल धरायला दिलेल्या क्लिकची टकटक होती, बाहेर मात्र भरगच्च, गोलाकार, शहाणा असा बेस. आणि मग ती जागा आली. अंतरा संपून मुखड्याकडे परतताना सगळी वाद्ये थांबतात, एकटा बेस चार स्वर खाली उतरतो आणि चौथ्यावर गायिका येते. पहिला स्वर आला, दुसरा, तिसरा. चौथा आला नाही. किंचित, श्वासभर, आला नाही; मग आला. त्या उशिरावरून सिद्धेशने तो हात ओळखला. आपलाच फोटो एखाद्या अनोळखी घराच्या भिंतीवर टांगलेला दिसावा, तसे त्याला झाले. उरलेले गाणे त्याने पट्टा पुन्हा अडकवून, बोटे जागच्या जागी हलवून पूर्ण केले. टाळ्या पडल्या तेव्हा सवयीने मानही झुकवली.

ती त्याचीच चूक होती. कधीची, हेही त्याला आठवत होते. बँडचे नाव ‘तिसरा जिना’, कारण देवेशच्या सोसायटीत तिसऱ्या जिन्याखालच्या खोलीत त्यांची तालीम चाले. पावसाळा भरात होता. देवेश नेहमीप्रमाणे मिक्सरमधून सगळे रेकॉर्ड करून घेत होता, नंतर ऐकायला म्हणून. होडीचे गाणे चालू होते. गाण्यात होडी होती म्हणून सगळे त्याला होडीचे गाणे म्हणत. खरे शीर्षक फक्त कार्यक्रमपत्रिकेवर असे. तिसऱ्या स्वरावर असताना त्याच्या खिशातला फोन थरथरला. फोन तालमीत कधीच उचलायचा नसतो, पण थरथर मांडीतून हाडापर्यंत गेली आणि बोट क्षणभर तारेवर अडकले. चौथा स्वर उशिरा पडला. कोणी थांबले नाही, त्यानेही थांबू नये असा नियमच होता; गाणे संपवून त्याने फोन घेतला तेव्हा आई रडत नव्हती, ओरडत होती. दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या चाळीत पाण्याचा टँकर आला होता. बाबा हंडा घेऊन मागे उभे होते. टँकर मागे येताना जी बारीक शिटी वाजते ती सगळ्यांनी ऐकली, सगळे बाजूला झाले, आणि बाबा तिथेच उभे राहिले. कोपराचे हाड मोडले होते. फार काही नाही, असे आई चारदा म्हणाली. हात सहा आठवड्यांत जुळला, पण बाबांना आता वळून वळून मागे पाहण्याची सवय लागली होती. सिद्धेशच्या मनात मात्र ते सगळे केव्हाच मागे पडले होते, निदान आजपर्यंत त्याला तसे वाटत होते. आणि आता कळत होते की त्यानंतर कोण जाणे किती कार्यक्रमांत, डोंबिवलीत, ठाण्यात, कल्याणला, होडीच्या गाण्यात त्या चौथ्या स्वरापाशी फोन पुन्हा थरथरला होता, बाबा पुन्हा टँकरच्या मागे उभे राहिले होते, आणि लोकांनी त्यावर टाळ्या दिल्या होत्या.

रघुदादा केबली कोपरावर गुंडाळत होता. साउंडचा माणूस म्हणून त्याने अर्धे आयुष्य दुसऱ्यांचे आवाज वरखाली करण्यात घालवले होते, आणि स्वतःचा आवाज मात्र तो कधी वर नेत नसे.

“दादा, माझा फेडर कुठे असतो?”

रघुदादाने गुंडाळणे थांबवले नाही. “तळाला. बाहेर तुझा आवाज बंदच असतो.”

“कधीपासून?”

“गणपतीपासून. तुला माहीत नव्हतं? अरे, मला वाटलं देवेश बोललाय तुझ्याशी. तुला मॉनिटरमध्ये तुझं तुला ऐकू येतं, म्हणून कळलं नसेल. मी तरी काय करणार? तो म्हणाला, लॅपटॉपवरच्या रेकॉर्डेड ट्रॅकमध्ये बेस आहे, वरून अजून एक नको, गढूळ होतं. आणि स्टेजवर बेसवाला दिसायला पाहिजे, त्याशिवाय बँड वाटत नाही.” मग जरा थांबून, समजूत काढावी तसे तो म्हणाला, “दिसतोस मात्र चांगला हां.”

देवेश बाहेर पायऱ्यांवर उभा राहून चहा पीत होता. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये दोघे एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींत नोकरीला होते, देवेश काचेच्या, सिद्धेश लेबले छापणाऱ्या. जेवणाच्या सुट्टीत टपरीवर ओळख झाली होती आणि देवेशनेच त्याला म्हटले होते, तुझी बोटं लांब आहेत, बेस शिक. देवेश वाईट माणूस नव्हता. तो फक्त सगळे नीट व्हावे यासाठी इतका धडपडत असे की नीट होण्याच्या आड येणारी माणसे त्याला दिसेनाशी होत.

“अरे, वाजवतोस तूच ना?” तो म्हणाला. “तालमीतला तुझाच टेक आहे तो. दुसऱ्या कोणाचा टाकलाय का मी?”

“चुकीचा टेक आहे.”

“कोणाला कळतं? उलट ती जागा बघ. सान्वी तिथे जी थांबते ना, त्यावर माणसं मरतात. मागे वन्स मोअर आलेला, आठवतं? आणि खरं सांगू का, तू गणपतीच्या आधीच्या शोला तालातून सुटलेलास. बाबांचं चाललेलं, मी समजू शकतो. पण सिंक गेलं ना यार. मी म्हटलं, याला टेन्शन नको.”

“सांगायचंस तरी.”

“तू बोलतोस का कधी? तुला काही सांगितलं की तू ‘ठीक आहे’ म्हणतोस. मग सांगून काय, न सांगून काय.”

‘ठीक आहे’ हे शब्द खरोखरच सिद्धेशच्या ओठांपर्यंत आले होते. लहानपणापासून ते तिथेच मुक्कामाला असत. शाळेत शेवटच्या बाकावर बसवले तेव्हा, लेबलांच्या कंपनीत सुट्टी नाकारली तेव्हा, सान्वीच्या साखरपुड्यात त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणाला वाजवायला बोलावले तेव्हाही. बेस हे वाद्य त्याला आवडले होते तेच मुळी या स्वभावामुळे. त्याला पुढे यावे लागत नसे. लोक विचारत, ह्याला दोन तारा कमी का. त्याला हसून गप्प राहता येई. न दिसता सगळ्यांच्या पायाखाली राहता येई. पण न दिसणे आणि नसणे यांत जे अंतर होते ते आज दुपारी, पट्टा सुटण्याएवढ्या वेळात, त्याने डोळ्यांनी पाहिले होते. आता ‘ठीक आहे’ म्हटले तर ते कायमचे ठीक होऊन जाईल, हे त्याला भीतीसारखे स्पष्ट दिसले.

“कल्याणच्या शोला होडीचं गाणं ट्रॅकशिवाय करूया,” तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला थोडा परका वाटला. “तेवढं एकच. क्लिक नाही, काही नाही. हर्षित, तू, मी आणि सान्वी.”

“आणि फसलं तर?”

“तर मी जातो. बदली माणूस शोधायचा त्रासही नाही तुला. ट्रॅक आहेच.”

देवेशने चहाचा कप चुरगळला. तो हसला नाही, ही त्याची मैत्रीच होती. “लॅपटॉप मी उघडा ठेवणार,” तो म्हणाला. “गडबडलं की टाकणार ट्रॅक.”

“ठेव.”

दिव्याच्या घरात माणूस आडवा होईल एवढीही जागा नव्हती, असे आई पाहुण्यांना हसत हसत सांगे. पण लोखंडी कपाटाला मात्र जागा होती, आणि त्या कपाटावर सिद्धेशचा छोटा अँप्लिफायर. तो सरावाला बसला की बाबा येऊन कपाटाच्या दाराला तळहात लावून उभे राहत. उत्तम हे नाव असलेल्या या माणसाने वागळे इस्टेटमध्ये प्रेस मशीनवर जन्म काढला होता, आणि त्या मशीनने त्यांच्या कानांतून एकेक गोष्ट काढून घेतली होती. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिटी, मग दाराची बेल. मग बायकांचे आवाज, म्हणजे आई. पुढे माणसांच्या बोलण्यातली अक्षरे झिजली आणि नुसती गुणगुण राहिली. पण खालचे, जाडजूड, जमिनीलगतचे आवाज शिल्लक होते. सिद्धेश लहान असताना, कळव्याच्या चाळीत राहत तेव्हा, बाबा गायन पार्टीत ढोलकी वाजवत. जयंतीच्या दिवसांत बुद्धविहारापुढे मांडव पडे, निळ्या पताका वाऱ्यावर फडफडत, आणि बाबा मांडी ठोकून बसत. त्यांचा डावा हात ढोलकीच्या धुम्यावर, खर्जाच्या बाजूवर, असा काही घासला जाई की सिद्धेशला मांडवाच्या खांबाला पाठ लावून बसल्या जागी तो आवाज छातीत जाणवे. गाणारे पुढे असत, हारही त्यांनाच पडत. बाबांना कधी हार पडल्याचे त्याला आठवत नव्हते. पण एकदा गाणारा कडवे विसरला, आणि बाबा तोच ठेका घोटत राहिले, एकदा, दोनदा, पुन्हा, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही, जणू ते कडवे विसरणे आधीच ठरलेले होते. गाणाऱ्याला शब्द सापडेपर्यंत त्यांनी त्याच्यासाठी जमीन धरून ठेवली. परतताना सिद्धेशने विचारले होते, भीती नाही वाटली? बाबा म्हणाले होते, मला कशाची भीती, विसरला तो. पार्टी पुढे मोडली. ढोलकी कोणाकडे तरी गेली ती आलीच नाही.

“कल्याणला येता का शनिवारी?” सिद्धेशने त्यांच्या समोर उभे राहून, ओठ मोठे हलवून विचारले.

“कल्याणला? लग्न कोणाचं?”

“लग्न नाही. माझा कार्यक्रम. दुपारचा.”

“मला काय ऐकू येणार तिथं,” बाबा मोठ्याने म्हणाले. त्यांचे सगळेच बोलणे आता मोठ्याने असे, शेजारची रंगूबाई त्यावर भिंतीपलीकडून उत्तरेही देई. मग त्यांनी कपाटाच्या दारावर हात थोपटला. “हे वाजवणारेस?”

“हो.”

“मग येतो.”

तालमीत सिद्धेशने ती जागा बरोबर वाजवली. तो आठवडाभर हेच घोटत होता, चार स्वर, चार समान पायऱ्या, कुठेही अडखळ नाही. त्या जुन्या हातापेक्षा हा हात चांगला आहे हे सिद्ध व्हायला हवे होते. चौथा स्वर जिथे पडायला हवा तिथे नेमका पडला, आणि सान्वी चुकली. ती मागे राहिली, शब्दासाठी तोंड अर्धे उघडे ठेवून थांबली, आणि हर्षितच्या काठ्याही एकमेकींत अडकल्या.

“अरे, लवकर का आलास?” ती म्हणाली.

“लवकर नाही. बरोबर आलो.”

“बरोबर असेल बाबा. पण माझा श्वास तिथे आहे ना.”

देवेशने आधी लॅपटॉपकडे पाहिले, मग सिद्धेशकडे. ते बोलण्याहून जास्त होते. सिद्धेश घरी आला. आता ही एक नवीनच गोष्ट होती: त्याने खरे वाजवले की ते खोटे ठरत होते. सोपा मार्ग एकच होता, स्वतःचीच चूक पाठ करायची. त्याने देवेशकडून तो टेक मागून घेतला आणि कपाटापाशी बसून त्या उशिराचे मोजमाप करू लागला. तो किती थांबला होता? पुन्हा पुन्हा ऐकले तशी ती जागा त्याच्यापासून दूर जात राहिली. थांबून वाजवताना स्वर मुद्दाम उशिरा येई, दारामागे लपलेले पोर जसे कळते तसे कळे. त्या दिवशी तो थांबला नव्हता, त्याला थांबवले गेले होते. फोन खिशात ठेवून आईला वाजवायला सांगावे का, असाही एक वेडा विचार त्याला शिवून गेला आणि तो एकटाच हसला. पाठ केलेली चूक म्हणजे दुसरा ट्रॅकच. मग हात तरी कशाला हवेत? दुसऱ्या दिवशी तो कळव्याला सान्वीच्या घराखाली गेला. तिने खाली येताना दुपट्ट्याने हात पुसले; पीठ मळत असावी.

“त्या जागेला तू काय ऐकतेस?” त्याने विचारले. हा प्रश्न जुळवायला त्याला ठाण्याहून येताना खाडीवरचा अख्खा पूल लागला होता.

ती थट्टा करणार होती, पण त्याचा चेहरा पाहून थांबली. “तुला ऐकते. म्हणजे त्या ट्रॅकला. असं वाटतं रे, कोणीतरी दारापर्यंत आलंय आणि आत यावं की नाही, असा विचार करतंय. मग मी श्वास घेते. मग तो येतो. सहा महिने मला वाटतंय की मी श्वास घेतला म्हणून तो येतो.” ती हसली. “ट्रॅकला काय कळतंय माझा श्वास. वेडीच मी.”

“नाही,” सिद्धेश म्हणाला. आणि जे आठवडाभर कपाटापाशी सापडले नव्हते ते त्याला तिथे, रिक्षांच्या गोंगाटात, पीठ लागलेल्या त्या बोटांकडे पाहताना सापडले. “शनिवारी तू श्वास घे. मी तेव्हाच येईन. आधी नाही येणार.”

“आणि मी घेतलाच नाही तर?”

“तर थांबेन.”

कल्याणचे सभागृह जुने होते, खुर्च्या लाकडी. बाबा तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते, नवा सदरा घालून, तळहात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवून. पुढे बसलेल्या बाईंनी एकदा वळून पाहिले, मग कदाचित त्यांच्या चेहऱ्यावरून काही ओळखून पुन्हा वळल्या नाहीत. इतर गाणी ट्रॅकवर झाली. सिद्धेशने बोटे हलवली, आणि बाबा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्याच्याकडे पाहत राहिले. तेवढा वेळ त्याला त्यांच्याकडे पाहवले नाही. मग देवेशने लॅपटॉपवरून हात काढला, पण दूर नेला नाही. रघुदादाने अंधारातून अंगठा वर केला, म्हणजे फेडर वर होता. हर्षितने काठ्या एकमेकींवर टेकवून ताल दिला आणि होडीचे गाणे सुरू झाले. क्लिक नसलेला कान सिद्धेशला उघड्या पाठीसारखा वाटला. गाणे जरा हळू निघाले होते. ते कोणी ठरवले नव्हते, ते चौघांचे मिळून निघाले होते, नव्या रस्त्यावर चार माणसे जशी नकळत एका चालीने चालू लागतात तसे. तारा बोटांखाली खरखरत होत्या, घाम येत होता, एका ठिकाणी त्याचा स्वर थोडा बोथट पडला आणि तो बोथटपणा सबंध सभागृहात पसरला, तरी त्याचे त्याला दुःख झाले नाही. तो पडला होता, ते खरे होते. अंतरा संपला. सगळे थांबले. पहिला स्वर, दुसरा, तिसरा. आणि सिद्धेशने सान्वीच्या खांद्याकडे पाहिले. खांदा हलला नाही. ती त्याची वाट पाहत होती. सवयीने, सहा महिन्यांच्या सवयीने, ती कोणीतरी दारात येऊन थांबण्याची वाट पाहत होती. आणि तो तिच्या श्वासाची. दोघे एकमेकांसाठी थांबले होते आणि मधली शांतता रुंद होत चालली. जुन्या हाताचा उशीर केव्हाच मागे पडला. कोणीतरी खोकले. देवेशचा हात लॅपटॉपकडे सरकताना त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला. बोट तारेवर टेकलेले होते, जरासा दाब आणि सगळे सावरले असते, कोणाला काही कळले नसते, कोणी कोणाला बोलले नसते. भीती पायांतून वर आली, छातीपर्यंत आली. मग त्याला वाटले, मला कशाची भीती. त्याने बोट उचलले नाही आणि दाबलेही नाही. मान मात्र किंचित तिच्याकडे वळवली, आत ये म्हणावे इतकी. सान्वीने त्याच्याकडे पाहिले, तिच्या डोळ्यांत काहीतरी लख्ख झाले, तिचा खांदा वर उचलला गेला, आणि त्या क्षणी, आधी नाही, नंतर नाही, चौथा स्वर पडला. त्यावर तिचा आवाज असा उतरला की देवेशचा लॅपटॉपकडे निघालेला हात वाटेतच वळून कीबोर्डवर आला.

सामान आवरताना देवेश त्याच्याजवळ आला. केबल पायाने ढकलत म्हणाला, “तो गॅप. पुढच्या वेळी एवढा लांब घेऊ नकोस रे. माझा जीव गेलेला.”

“किती घ्यायचा ते पुढच्या वेळी तिथे कळेल,” सिद्धेश म्हणाला. “आणि पुढच्या वेळी ट्रॅकशिवाय दोन गाणी.”

देवेशने त्याच्याकडे नीट पाहिले. मग “बघू” म्हणाला, पण मान हो अशीच हलली.

बाहेर ऊन कलले होते. बाबा पायऱ्यांच्या खाली उभे होते, एकदा मागे वळून पाहत. सिद्धेशने गिटारची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला.  मग रस्त्यावरच्या दोन माणसांनी वळून पाहावे एवढ्या मोठ्याने त्यांनी विचारले,

“मधे लाइट गेलेली का रे?”

“नाही.” सिद्धेशने त्यांच्याकडे वळून मान हलवली.

“गेलेली. एकदम काहीच नाही राहिलं. मी म्हटलं, गेलं सगळं.” त्यांचा डावा तळहात अजून किंचित वाकलेला होता, खुर्चीची पाठ अजून त्याच्याखाली असल्यासारखा. “लोक तर बसलेच होते. मग मी पण बसलो.”

“मग?”

बाबांनी तो हात त्याच्या पाठीवर, गिटारच्या पिशवीच्या पट्ट्याखाली ठेवला आणि चालायला सुरुवात केली.

“मग काय,” ते म्हणाले. “आलास.”